धडक दुसऱ्याची, भरपाई कोणाकडून?

सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवण्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. नाशिकच्या द्वारका चौकात मागून धडक बसून बंपर फुटला, तर भरपाई धडक देणाऱ्याच्या या विम्यातून मागता येते.

पुरावा : दोन्ही गाड्यांचे फोटो, समोरच्या गाडीचा क्रमांक, चालकाचा परवाना आणि पॉलिसीचा तपशील जागेवरच घ्यावा, हद्दीतील पोलीस ठाण्यात नोंद करावी.

दावा : समोरची विमा कंपनी सहसा थेट पैसे देत नाही. कलम १६६ खालील अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू दुरुस्तीनुसार त्याची मुदत अपघातापासून ६ महिने आहे.

मर्यादा : खासगी मोटारीच्या पॉलिसीत परक्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे ७.५ लाख रुपयांचे संरक्षण असते. कमी हप्त्याच्या पर्यायात ते ६,००० रुपयांवर येते.

दुसरा मार्ग : स्वतःच्या सर्वसमावेशक पॉलिसीतून दुरुस्ती लवकर होते, मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावरील २० ते ५० टक्के ‘नो क्लेम बोनस’ गमावण्याची शक्यता असते. त्यामुळे किरकोळ नुकसानीत आधी दुरुस्तीचा खर्च आणि ही सवलत ताडून पाहावी.