भाडेपट्टा आणि खरेदीचा विकल्प

घर आज भाड्याने घ्यावयाचे, त्याची किंमत आजच ठरवून ठेवावयाची आणि ठराविक मुदतीत ते विकत घेण्याचा हक्क आपल्याकडे राखावयाचा, अशा व्यवहाराविषयी आपल्या व्यापारी मंडळींत विचारणा होत असते. दरम्यान भाव चढल्यास तेच घर तिसऱ्यास विकून नफा घ्यावा, असाही हेतू पुष्कळांच्या मनात असतो. व्यवहार गैर नाही. परंतु त्यात आपल्या हाती नेमके काय येते, हे समजल्यावाचून कुटुंबाची शिल्लक त्यात घालू नये, असे आम्हांस वाटते.

या हक्कास विकल्प म्हणतात. भाडेकरूस घर घेण्याची मुभा असते, सक्ती नसते. मालकास मात्र भाडेकरूने रीतसर मागणी केल्यास विक्री करावीच लागते. या सवलतीचा मोबदला म्हणून आरंभी काही रक्कम द्यावी लागते. कित्येक बंधू हिलाच इसार समजतात. दोन्ही रकमा एक नव्हेत. घर न घेतल्यास विकल्पाची रक्कम सामान्यतः परत मिळत नाही.

समजा, घराची ठरलेली किंमत रु. ४०,००,०००, विकल्पाची रक्कम रु. १,००,०००, भाडे दरमहा रु. १५,००० आणि मुदत ३ वर्षे आहे. भाड्यापैकी दरमहा रु. ५,००० आणि विकल्पाची रक्कम किमतीत वळती करण्याचे लिहिले आहे. ३६ महिन्यांत भाड्यातून रु. १,८०,००० वळते होतील. विकल्पाच्या रकमेसह ते रु. २,८०,००० होतात. म्हणजे खरेदीच्या दिवशी रु. ३७,२०,००० उभे करावे लागतील. त्या वेळी गिऱ्हाईक रु. ४६,००,००० देत असेल, तर सहा लाखांचा फरक दिसतो. पण मुद्रांक, नोंदणी, वकील, दलाली आणि प्राप्तिकर त्यातूनच जावयाचे. भाव रु. ३६,००,००० वर उतरला, तर घर न घेणे हेच शहाणपणाचे. मात्र मग वळते व्हावयाचे ते रु. २,८०,००० बुडाले. ही वळतीची अट कागदावर नसेल, तर दिलेले भाडे हे निव्वळ भाडेच ठरते.

आता मुख्य मुद्दा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणे नुसत्या साठेखताने घरात हितसंबंध निर्माण होत नाही. विकल्प तर साठेखताच्याही अलीकडची पायरी. म्हणून विकल्पधारकाने गिऱ्हाइकास 'हे घर माझे' असे सांगून पैसे घेणे सर्वस्वी चूक होय. त्याला दोनच मार्ग आहेत. प्रथम स्वतःच्या नावे खरेदीखत करून मग विकावे. यात मुद्रांकाचा खर्च दोनदा येतो. अथवा करारात मनाई नसेल आणि हक्क व्यक्तिगत ठेवलेला नसेल, तर मालकास सामील करून हक्कच पुढे द्यावा. मुखत्यारपत्रावर विक्री उरकण्याची जुनी वहिवाट कित्येक ठिकाणी होती. तिने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे.

मुदतीविषयी विशेष दक्षता हवी. स्थावराच्या साध्या साठेखतात थोडा विलंब न्यायालये बहुधा सांभाळून घेतात. विकल्पात ती सवलत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना मुदत-खरेदी ठाऊक असेल. तीत घर परत घेण्याची तारीख चुकली की हक्क गेला, तसेच येथेही समजावे. मागणी लेखी, करारात सांगितलेल्या रीतीने आणि पोचपावती मिळेल अशी पाठवावी. अकरा महिन्यांच्या कागदात विकल्प लिहून पुढे तोंडी मुदतवाढ घेण्याची पद्धत तर फारच धोक्याची. मालक भाडे घेत राहिल्याने भाडेकरूपण चालू राहील. त्याबरोबर विकल्पही चालू राहिला, असे धरू नये. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदलेलाच असावा लागतो, आणि विकल्पाची अट त्याच दस्तात घालावी. नंतर मालकाने घर दुसऱ्यास विकले, तर नोंदलेला दस्त आणि आपला प्रत्यक्ष ताबा यांमुळे त्या नव्या खरेदीदारास 'मला माहीत नव्हते' असे सहसा म्हणता येत नाही.

मालकाचा उतारा आणि त्यावरील बोजा उपनिबंधक कचेरीतून पाहून घ्यावा. बँकेचे गहाण आधीचे असल्यास आपला विकल्प त्यापुढे टिकावयाचा नाही. घर एकत्र कुटुंबाचे असेल, तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीही सहदायाद झाल्या आहेत, आणि हिंदू वारसा कायदा जैनांसही लागू आहे. तेव्हा सासरी गेलेल्या बहिणींच्या सह्याही घ्याव्यात. या सह्या मागण्याचा संकोच आपल्याकडे फार, आणि दावे बहुधा तेथेच उभे राहतात.

पुनर्विक्री लगेच करणाऱ्याने करसल्लागारास आधी विचारावे. दीर्घ मुदतीच्या नफ्यासाठी स्थावर २४ महिन्यांहून अधिक धारण केलेले असावे लागते, आणि भाडेकरू म्हणून राहिलेली वर्षे त्यात धरली जातील, असे गृहीत धरू नये.

कर्नाटकातील विकास प्राधिकरणांचे 'लीज-कम-सेल' हे प्रकरण याहून निराळे. तेथे भूखंड आधी पट्ट्याने मिळतो, घर बांधून अटी पाळल्यावर पक्के खरेदीखत होते, आणि तोवर भूखंड विकण्यास मनाई असते. असा भूखंड कोणी मधल्या काळातच स्वस्तात देऊ करीत असेल, तर त्याच्याकडे पक्के खरेदीखत मागावे; ते नसल्यास बोलणे तेथेच थांबवावे.