खडकावरचे विनातिकीट प्रवासी

समजा, तुम्ही अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहता. हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी मांडलीत आणि दुकानातून आणलेला दहा किलो 'लाइव्ह रॉक' आत रचलात. पंधरा दिवसांनी मुलगी काचेला नाक लावून विचारते, "हे काय उगवलंय?" बघता तर काय, खडकाच्या कपारीत तपकिरी रंगाची बारीक 'फुलं'! तुम्ही तर प्रवाळ विकत घेतलेच नव्हते.

लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्यांचा सच्छिद्र चुनखडी दगड. जिवंत असतात ते त्याच्या भोकांमध्ये राहणारे जीव. त्यातले जीवाणू माशांच्या मलमूत्रातला अमोनिया कमी विषारी नायट्रेटमध्ये बदलतात. दगड विकत घ्यायचा तो त्यासाठी. पण त्याच भोकांतून शैवाल, कृमी, स्पंज आणि प्रवाळांचे नातेवाईकही फुकटात घरी येतात.

ओळखायचं कसं?

पहिला नियम: हात लावू नका. आठवडाभर रोज एकाच कोनातून फोटो काढा. रात्री दिवे बंद करून लाल प्रकाशाच्या टॉर्चने पुन्हा बघा, कारण बरेच पॉलिप अंधारातच पूर्ण उमलतात. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा.

फूल मिटल्यावर खाली काय उरतं? पांढरी चुन्याची वाटी आणि तिच्यात चाकाच्या आऱ्यांसारखे पडदे दिसले, तर तो कठीण प्रवाळ. तुमचं नशीब चांगलं! सावली पडताच पिसांचा तुरा नळीत गायब झाला, तर तो प्रवाळ नव्हे, नळीत राहणारा कृमी.

शुंडके किती आणि कुठे आहेत? मोजून आठ आणि प्रत्येकाला पिसासारखी झालर असेल, तर तो मऊ प्रवाळांच्या गटातला. लांब, अर्धपारदर्शक शुंडके, उंच देठ आणि खाली सांगाडा नाही, असं असेल तर बहुधा एपटेसिया हे समुद्रफूल. ते चिरडू नका, कारण उरलेल्या तुकड्यांतून नवी फुलं उगवतात.

एकटं आहे की वसाहत? सपाट तबकडी, शुंडके फक्त कडेला दोन ओळींत आणि सगळे पॉलिप बुडाशी एकाच सायीसारख्या थराने जोडलेले, तर ते झोअँथिड. अंगात वाळूचे कण रुतलेले दिसले, तर पॅलिथोआ असण्याची शक्यता मोठी. इथे थांबायचं.

इथे का थांबायचं?

पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. १९७१ साली ते हवाई बेटांवरच्या पॅलिथोआतून वेगळं केल्याचं प्रसिद्ध झालं. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हे विष त्या पंपाला चिकटतं आणि त्याचं सताड उघडं दार करून टाकतं. स्नायू आणि हृदय यांना त्याचा फटका बसतो. त्यावर खास उतारा नाही.

नको असलेला जीव मारायला खडक उकळावा, गरम पाण्याखाली ब्रशने घासावा, हे आपल्याला सहज सुचतं. पण हे विष उकळूनही सहजी नष्ट होत नाही. उलट वाफेच्या तुषारांबरोबर हवेत पसरतं. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतला प्रवाळ साफ करताना असंच झालं. त्या कुटुंबाला तर रुग्णालयात न्यावं लागलंच, मदतीला आलेल्या अग्निशामक जवानांनाही न्यावं लागलं. आणि आपण तर जुलैत खिडक्या घट्ट लावून, एसी चालू ठेवून बसतो. घरातली तीच हवा सगळ्या खोल्यांत फिरत असते.

प्रत्येक झोअँथिड विषारी नसतो, पण नुसतं बघून ते सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांना विषारी समजूनच वागा. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घाला. खडक हलवायचाच असेल तर पाण्यात बुडालेल्या स्थितीतच टाकीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत घ्या. मुलं आणि पाळीव प्राणी दूर ठेवा. काढणं जमणार नसेल तर राहू द्या. न छेडलेली वसाहत टाकीत सहसा निमूट राहते. टाकीला हात घातल्यावर तोंडात धातूसारखी चव, ताप, अंगदुखी किंवा धाप जाणवली, तर सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा, ९९८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द आवर्जून सांगा.

नेमकी जात कळली नाही तरी बिघडत नाही. ती ठरवायला सूक्ष्मदर्शक किंवा डीएनए लागतो. घरी गट ओळखला तरी पुरे. सुट्टीत मुंबईला गेलात, तर ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर हेच झोअँथिड गालिच्यासारखे पसरलेले दिसतील. मुलीला दाखवा, शुंडके मोजायला सांगा. फक्त काही उचलून आणू नका: भारतात २००१ पासून कठीण प्रवाळांना वाघाइतकंच, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.