खातं उघडलं, व्याजाचं काय?

‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीची चर्चा इतकी झाली, की दीड हजार रुपये खात्यात पडल्यावर पुढे त्यांचं काय होतं हे विचारायचं राहूनच गेलं. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे भागात सोयाबीन-कपाशीवर घर चालतं. कर्जाच्या हप्त्याला पैसे कमी पडले, की आधी दूध-डाळ आटते आणि बाईचं स्वतःचं औषध लांबणीवर पडतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहा. 2015-16 ते 2019-21 दरम्यान महाराष्ट्रात स्वतः बँक खातं वापरणाऱ्या महिला 45 टक्क्यांवरून 73 टक्क्यांवर गेल्या. रक्तक्षय असलेल्या महिलाही 48 वरून 54 टक्के झाल्या. पाच वर्षांखालच्या मुलांत हेच प्रमाण 54 वरून 69 झालं. खात्यामुळे रक्तक्षय वाढला असं मुळीच नाही. पण नुसत्या पासबुकानं अंगात रक्त भरत नाही.

खात्यातला पैसा व्याजात कसा जातो, याचा साधा हिशोब करू. कर्ज 30 हजार, सरसकट 12 टक्के व्याज, वर्षात बारा हप्ते. व्याज 3600, हप्ता 2800. मुद्दल दरमहा फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 30 हजारांवर. म्हणजे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात! तेच 12 टक्के घटत्या शिलकीवर लावले तर व्याज दोन हजारांच्या आत. वरच्या सोळाशे रुपयांत लेकराला सहा महिने रोज एक अंडं मिळतं. व्याजाचा प्रकार विचारता येणं हा माझ्या लेखी आरोग्याचाच धडा आहे.

बायकांना हे जमेल का, असं विचारणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातलं म्हसवड आठवावं. चेतना गाला-सिन्हा यांच्या महिला बँकेचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं आधी फेटाळला, कारण सभासद निरक्षर. त्या बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याज काढायला सांगा. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली.

पैशांच्या बैठकीत आरोग्यही शिकवता येतं. घानामध्ये नव्वदच्या दशकात कर्जगटाच्या बैठकीतच अतिसार, स्तनपान, बाळाचा वरचा आहार यांचे धडे दिले गेले. सभासदांच्या मुलांचं पोषण सुधारलं. आपल्याकडच्या बचतगटांसाठी ‘उमेद’ अभियानानं घालून दिलेल्या दशसूत्रीतही पहिल्या पाच सूत्रांनंतर आरोग्य येतंच. मग गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आशाताईंना तिथेच अर्धा तास द्या. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार कसे मिळतात, हे त्यांनी सांगावं. आणि सूक्ष्मकर्जांसाठीचा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम गटात मोठ्यानं वाचला जावा: सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत.