उतरणीवरची चाळीस वर्षं

बेळगावजवळचं हिंडलगा सोडून वेंगुर्ला रस्त्याला लागलं की सुळगा, उचगाव फाटा, बाची अशी गावं मागे पडतात आणि शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. पुढे पाटणे फाटा, नागनवाडी. आंबोलीपर्यंत मोटारसायकलवाल्याचा कस लागेल असं फारसं काही नाही. तो लागतो आंबोली गाव ओलांडून दाणोलीकडे उतरताना. बेळगाव भागातून समुद्राकडे जाणारे घाट, आंबोली असो, चोर्ला असो की तिलारी, आमच्या वाट्याला आधी उतरणीनेच येतात. सावंतवाडीचा किंवा साखळीचा पोरगा घाट चढत शिकतो. चढणीवर रेस सोडली की गाडी आपोआप मंदावते, अंदाज चुकला तरी निभावतं. हिंडलग्याचा पोरगा मात्र आयुष्यातलं पहिलं हेअरपिन वळण उतरणीवर घेतो. तिथे वजन पुढच्या चाकावर आलेलं असतं आणि रेस सोडूनही वेग वाढतच राहतो. गेल्या चाळीसेक वर्षांत इथले लोक वळण घेणं कसे शिकले, हे बघायचं तर या उतरणीपासूनच सुरुवात करावी लागते.

1985 च्या आसपासचा काळ घ्या. म्हैसूरच्या कारखान्यातून आलेली येझदी, राजदूत, फौजेतून निवृत्त झालेल्यांची बुलेट आणि नुकतीच आलेली यामाहा आरएक्स 100. या सगळ्यांना ड्रम ब्रेक. टायर अडीच ते सव्वातीन इंच रुंदीचे, आणि बहुतेकांच्या पुढच्या टायरवर नुसत्या उभ्या रेघा. बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, त्यामुळे येझदीवरून बुलेटवर बसलेला माणूस घाबरला की ब्रेक समजून गिअर दाबायचा. टू-स्ट्रोक गाडीला इंजिनचा अटकाव फार कमी. शिवाय येझदीत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं. लांब उतारावर रेस पूर्ण बंद ठेवली तर इंजिनला पेट्रोलबरोबर ऑईलही जेमतेम मिळायचं, म्हणून जाणती माणसं अधूनमधून मूठ थोडी पिळत राहायची. सगळा भार ब्रेकवर आणि ब्रेक तापून ढिले पडायचे. आंबोलीच्या धबधब्याजवळ थांबायचं ते पाणी बघायला, हे खरं. पण चाकं निवावीत म्हणूनही.

सगळ्यात विचित्र गाडी होती राजदूत 350. मूळ जपानी यामाहा आरडी 350 ला पुढे डिस्क ब्रेक होता. 1983 पासून एस्कॉर्ट्सने ती इथे बनवली तेव्हा डिस्क काढून ड्रम बसवला. ताकद तीस हॉर्सपॉवरच्या आसपास आणि थांबवायला ड्रम! ही गाडी आंबोलीतून शहाणपणाने उतरवणाऱ्या माणसाला मी तरी उत्तम चालक मानतो.

पण या अडचणींतूनच एक शिस्त तयार झाली होती. ब्रेकवर भरवसा नसल्यामुळे वळण दिसण्याआधीच वेग उतरायचा, गिअर आधीच पडलेला असायचा आणि वळणात क्लचला हात लागायचा नाही. कुणी शिकवलं म्हणून नव्हे, दुसरा मार्गच नव्हता म्हणून. त्या पिढीची बाकीची समजूत मात्र अर्धवट होती. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, हे जवळजवळ प्रत्येक घरात सांगितलं जायचं. मग उतारावर, जिथे पुढच्या चाकावर सगळ्यात जास्त पकड असते, तिथे लोक फक्त मागचा ब्रेक दाबायचे, चाक जाम व्हायचं आणि गाडी आडवी सरकायची. हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिसमधल्या 900 अपघातांचा अभ्यास करून 1981 साली अहवाल दिला, त्यातही हेच आढळतं: मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त, पुढचा कमी, आणि अडथळा चुकवायला गाडी झटकन वळवण्याचं कसब जवळपास शून्य.

हे वळवणं कसं होतं, ते आमच्याकडे फार उशिरा कळलं. लायसनच्या परीक्षेत आठ काढायला लावतात. त्या संथ वेगात हँडल जिकडे, गाडी तिकडे. जरा वेग आला की काम उलट चालतं. उजवीकडे जायचं तर उजव्या हाताने हँडल हलकंसं पुढे ढकलायचं. चाक क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे झुकते आणि वळते. राईट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. सायकल चालवणारा माणूस उजवीकडे वळताना आधी डावीकडे हँडल फिरवतो आणि हे त्याच्या स्वतःच्या गावीही नसतं, असं विल्बर राईटने विमान उडवण्याच्या खटपटीतच टिपून ठेवलं होतं. म्हणजे आरएक्सवाले हे करतच होते, फक्त ठाऊक नव्हतं. ठाऊक नसल्याचा तोटा एकच, पण जिवावरचा: वळण अंदाजापेक्षा आवळत गेलं की माणूस हँडल घट्ट धरून आखडतो, तेव्हा वळणाच्या बाजूच्या हाताने आणखी थोडं ढकलायची गरज असते.

1999 ला सीबीझेड आणि 2001 ला पल्सर आली. पुढे डिस्क, रुंद टायर, भरपूर ताकद. घाटात वेग वाढला आणि ब्रेक लावायची जागा हळूहळू वळणाच्या आत सरकली. माझ्या मते या चाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि तो चांगला नाही. कागदावरचा हिशेब मांडून बघा. 15 मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी 20 किलोमीटरला गाडी सुमारे 12 अंश झुकावी लागते, 30 ला 25 आणि 40 ला थेट 40 अंश. ओल्या डांबरावर 25-26 अंशांच्या पुढे टायरकडे फारसं काही शिल्लक राहत नाही. त्यात ब्रेक दाबला तर तीच पकड दोन कामांत वाटली जाते. आंबोलीत पावसाळा म्हणजे धुकं, दगडांवरून रस्त्यावर वाहणारं पाणी आणि कडेला शेवाळ.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. चाक जाम होणं थांबलं, ही मोठीच सोय. पण साधं एबीएस सरळ उभ्या गाडीसाठी असतं. झुकलेल्या गाडीचा विचार करणारं 2020 च्या केटीएम 390 ॲडव्हेंचरसारख्या थोड्याच गाड्यांत आलं.

स्वस्त डेटा आल्यावर मोबाईलवर शिकवणी सुरू झाली. हँडल ढकलण्याची गोष्ट त्यातूनच गावोगावी पोचली, हे मान्य करायला हवं. त्याबरोबर ट्रॅकवरचं बाहेरून-आत-बाहेर हेही आलं, आणि ते घाटात आणणं म्हणजे वेडेपणा. ट्रॅकवर समोरून एसटी येत नाही. आपण डाव्या बाजूने चालतो. उजव्या वळणात चाकं आपल्या पट्ट्यात असली तरी झुकल्यावर डोकं मधली रेघ ओलांडून पलीकडे गेलेलं असतं. ब्रिटिश पोलिसांच्या ‘रोडक्राफ्ट’ पुस्तकातली पद्धत आपल्याला जास्त लागू पडते. रस्त्याच्या दोन कडा जिथे मिळालेल्या दिसतात, त्या टोकाकडे बघत राहायचं. टोक जवळ येऊ लागलं तर वेग कमी, लांब पळू लागलं तर रेस. धुक्यात ते टोक समोर चार हातांवर येतं आणि किती हळू जायचं ते तिथेच ठरतं.

जुलै-ऑगस्टच्या रविवारी धबधब्यावर केए 22, केए 23, एमएच 09, जीए अशा पाट्यांची गर्दी उसळते. त्या दिवशी वळण कसं घ्यायचं हा प्रश्नच उरत नाही, पहिल्या गिअरात रांग धरायची. परतीच्या चढणीचं तंत्र वेगळं, आणि ते तिलारीत चांगलं कळतं. तिथे आतल्या कडेला चढ इतका खडा असतो, की तिसऱ्या गिअरात शिरलेली गाडी मधोमध दम टाकते आणि आतल्या बाजूला कलंडते. म्हणून वळणाच्या आधी दुसरा गिअर, डबलसीट असेल तर पहिला. समोरून कुणी नाही याची खात्री होईपर्यंत थांबायचं, आणि मग आतली कड सोडून आपल्याच पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाने, रेस न सोडता, वर निघायचं.