पादचाऱ्याला लपवतं कोण? झाड की गाडी?

बाजारपेठेतल्या चौकात, झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला झाडं लावा असं कुणी सुचवलं की उत्तर ठरलेलं असतं: "झाडामुळे रस्ता ओलांडणारा माणूस चालकाला दिसणार नाही. अपघात होतील." प्रभागाच्या बैठकीत हेच ऐकू येतं, सोसायटीच्या सभेत हेच आणि उभी झाडं काढायची असली तरी पुन्हा हेच. सुरक्षिततेचं नाव निघालं की समोरचा गप्प बसतो. म्हणूनच हा दावा एकदा नीट तपासायला हवा.

गैरसमज: क्रॉसिंगजवळचं झाड पादचाऱ्याला झाकतं.

वस्तुस्थिती: आधी साधं मोजमाप करू. वाढलेल्या बहाव्याचा किंवा बकुळीचा बुंधा साधारण फूटभर रुंद असतो. मोठ्या माणसाचे खांदे त्याहून रुंद असतात. शिवाय ताशी 30 किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात 8 मीटरहून जास्त पुढे सरकते. तिच्या चालकाच्या नजरेचा कोन सतत बदलत असतो, त्यामुळे बुंध्याचा आडोसा झालाच तर क्षणभर होतो.

आता त्याच जागी उभी केलेली मोटार पाहा. ती जवळपास 4 मीटर लांब आणि दीड मीटर उंच असते. आठ वर्षांच्या मुलाची उंची सव्वा मीटरच्या आसपास. ते मूल मोटारीच्या पुढून रस्त्यात पाऊल टाकेपर्यंत चालकाला दिसतच नाही. मोटारीच्या जागी टेम्पो असेल तर मोठा माणूसही दिसत नाही.

हा केवळ तर्क नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या एलिझाबेथ मॅकडोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली नेमका हाच प्रश्न तपासला. संगणकावर उभ्या केलेल्या चौकांतून लोकांना गाडी चालवायला लावली आणि चालकाला काय दिसतं, काय दिसत नाही ते पाहिलं. निष्कर्ष असा: योग्य जातीची, पुरेसं अंतर ठेवून लावलेली आणि खालच्या फांद्या छाटलेली झाडं चौकात दृष्टीला मोठा अडथळा आणत नाहीत. त्यांच्यापेक्षा रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाड्यांचा अडथळा जास्त असतो.

आपल्याकडे क्रॉसिंगजवळ गाडी उभी करणं नियमाविरुद्धच आहे. तरीही कुठल्याही बाजारपेठेत जा, पट्ट्यांना खेटून दुचाकींची रांग आणि माल उतरवणारा टेम्पो दिसतोच. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण गाडीला मालक असतो आणि तो भांडायला येतो. झाड भांडत नाही, म्हणून दोष त्याच्या माथी. हे संतापजनक आहे, कारण चुकीचा आरोपी धरला की खरा मोकळा सुटतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले. उभ्या गाड्यांखेरीज दुसरा आरोपी आहे वेग: त्या वर्षीच्या रस्ते अपघातांतल्या एकूण मृत्यूंपैकी 71 टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाल्याचं हाच अहवाल सांगतो.

मग झाड कुठेही, कसंही लावावं का? नाही. झुडपं, दाट कुंपण आणि जमिनीलगत फांद्या असलेलं रोप क्रॉसिंगच्या तोंडाशी खरोखरच धोक्याचं असतं. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणजे फुटपाथच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे सर्वांत जवळची गाडी त्याच्या उजव्या हाताने येते. ती बाजू मोकळी राहिली पाहिजे. तिथे झाड थोडं मागे, एकटं आणि खोड मोकळं असलेलं हवं. डाव्या हाताला ते क्रॉसिंगच्या बरंच जवळ आणता येतं. नव्या रोपाची बाजूची वाढ पहिल्या काही वर्षांत नियमित छाटली, तर पुढे छत्री डोक्यावर राहते आणि नजरेच्या रेषेत फक्त खोड उरतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"झाडावर गाड्या आदळतात, रस्ता मोकळाच बरा." हा विचार महामार्गावरून शहरात आला. अमेरिकेत ओरलँडोच्या कलोनियल ड्राइव्हवर एरिक डम्बॉ यांनी 2005 मध्ये तुलना केली, तेव्हा कडेला झाडं असलेला शहरी भाग जास्त सुरक्षित निघाला.

"झाडाने फुटपाथ अडतो." इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालायला किमान 1.8 मीटर रुंदी आणि 2.2 मीटर उंची मोकळी हवी. झाड त्या पट्ट्याबाहेर, रस्त्याच्या कडेला लावायचं. पुण्यात जंगली महाराज रस्त्याची फेररचना करताना जुनी झाडं राखूनच रुंद पदपथ केले गेले.

"मुळं फरशा उखडतात." बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं की पाणी आणि हवा मिळवण्यासाठी मुळं वर येतात. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतल्या झाडांबाबत 2013 मध्येच दिला आहे.

"गुलमोहर लावला की काम झालं." मादागास्करहून आलेल्या या झाडाची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ असतं. पावसाळी वाऱ्यात ते लवकर कोसळतं. चौकात ताम्हण, बहावा, बकुळ किंवा करंज बरा.

"सावली ही चैन आहे." अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनुसार सावलीतला पृष्ठभाग उन्हातल्यापेक्षा 11 ते 25 अंश सेल्सिअसने थंड असू शकतो. एप्रिलच्या दुपारी सिग्नलला थांबलेल्या आजींना हा फरक पुरेपूर कळतो. उभं राहवत नाही म्हणून लोक सिग्नल सुटायच्या आधीच रस्त्यात उतरतात.

"दुकानासमोरचं झाड काढायला कुणाला विचारायची गरज नाही." 1975 च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार पूर्वपरवानगीशिवाय शहरातलं झाड तोडणं हा गुन्हा आहे, मग ते खासगी जागेतलं का असेना.

तुमच्या प्रभागात पुन्हा कुणी क्रॉसिंगजवळच्या झाडाला विरोध केला, तर एकच मागणी लेखी द्या: आधी क्रॉसिंगजवळच्या गाड्या हटवा, तिथे खांब रोवून पार्किंग कायमचं बंद करा आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत झाड लावा. पादचाऱ्याला वाट दिसेल, चालकाला पादचारी दिसेल आणि थांबणाऱ्याला सावली मिळेल.