गाडी अधांतरी उभी करताना

रविवारी सकाळी जुना टूथब्रश, चिंधी आणि चेनच्या तेलाचा डबा घेऊन पार्किंगमध्ये बसलेला एखादा चिरंजीव बहुतेक सोसायट्यांत दिसतो. वडिलांच्या स्कूटरला किंवा स्प्लेंडरला डबल स्टँड होता. पायाने दाबून गाडी मागे ओढली की मागचे चाक मोकळे. चिरंजीवांच्या आर-१५ किंवा ड्यूकला मात्र नुसता साइड स्टँड. चेन साफ करायची तर चाक फिरायला हवे, म्हणून शर्यतीच्या ट्रॅकवरचा पॅडॉक स्टँड आता घरोघरी जिन्याखाली येऊन बसला आहे.

वस्तू साधी आहे. लोखंडी नळ्यांची तरफ, तळाला दोन छोटी चाके आणि मागे दांडा. चाक धरून ठेवणाऱ्या स्विंगआर्मवर दोन्ही बाजूंना बॉबिन बसवलेले असतात. त्यांच्याखाली स्टँडच्या खाचा अडकवून दांडा जमिनीपर्यंत दाबला की सुमारे १५० किलोंच्या गाडीचे मागचे चाक सहज उचलले जाते. सहज, म्हणूनच फसगत होते. दांडा दाबण्याआधी पलीकडची खाचही वाकून पाहावी. एकच बाजू अडकली असेल तर गाडी उचलता उचलता आडवी होते. साइड स्टँड बाहेरच ठेवावा आणि डाव्या बाजूला हँडल धरायला घरातले कुणीतरी उभे करावे. जागाही पाहून घ्यावी. पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, स्टँडच्या चाकांना बरोबर कळतो.

उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवायची, ही आपली जुनी सवय. पण मागचे चाक हवेत असताना गिअर गाडीला अजिबात धरत नाही. जमिनीला टेकलेले असते फक्त पुढचे चाक. तेव्हा गाडी वर चढताच पुढच्या ब्रेकचा लिव्हर हँडलला रबराने आवळून बांधावा. पुढचे चाकही उचलायचे असेल, तर मागचे पक्के बसल्यानंतरच. वर चढलेल्या गाडीवर बसून ऐट पाहण्याचा मोह मुलांनीही टाळावा आणि त्यांच्या काकांनीही.

आता सर्वांत महत्त्वाचे. इंजिन चालू करून, पहिला गिअर टाकून फिरत्या चेनला चिंधी लावणारे महाभाग आहेत. चिंधी चेन आणि दातेरी चक्रात ओढली जाते, तिच्यामागून बोटे जातात आणि क्लच दाबायला वेळ मिळत नाही. बोट तुटायला एवढे पुरते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल आणि किल्ली खिशात. चाक हाताने उलटे फिरवावे आणि चिंधी चेनच्या खालच्या पदराला लावावी. उलट्या फेऱ्यात खालची चेन मागच्या चक्रापासून दूर जाते, सुलट्या फेऱ्यात त्याच चक्रात शिरते. लहान मुलांना फिरते चाक हमखास खुणावते, म्हणून त्यांना दोन हात लांबच बसवावे.

उतरवताना घाई नको. आधी साइड स्टँड पूर्ण बाहेर आहे ना, हे पाहावे. मग पुढचा ब्रेक सोडावा, एका हाताने मागचे ग्रॅब रेल धरावे आणि दांडा हळूहळू वर येऊ द्यावा. चाक टेकले की गाडी डावीकडे, साइड स्टँडवर कलू द्यावी आणि मगच खाचा काढाव्यात.