अत्तराचा फाया आणि रोशाचे तेल

जुम्याच्या दिवशी दुपारी फैजपुरातल्या आमच्या मोहल्ल्यात वेगळाच वास दरवळतो. गुसल झालेले असते, धुतलेले कुर्ते दोरीवरून उतरलेले असतात आणि घरातले कोणी बुजुर्ग कपाटातली छोटी कुपी काढून नातवाच्या कानात अत्तराचा फाया खोचत असतात. जुम्याला गुसल, मिस्वाक आणि सुगंध ही आपल्या नबींची (स.) सुन्नत. कोणी सुगंध देऊ केला तर तो नाकारू नये, अशीही त्यांची शिकवण आहे. त्यामुळे सुगंधाशी आपले नाते आजचे नाही.

अलीकडे मात्र त्याच कपाटात नव्या कुप्या येऊन बसल्या आहेत. निलगिरी, लॅव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट. त्यांना 'इसेन्शियल ऑइल' म्हणतात आणि त्यांच्या वापराला 'अरोमाथेरपी'. केस गळतात, झोप येत नाही, डोके दुखते, गुडघे धरतात, प्रत्येक तक्रारीवर एक कुपी. मोबाईलवर मागवली की दोन दिवसांत दारात हजर. माझ्याही घरी अशा सहा कुप्यांचा एक डबा आला. पुढे जे घडले, त्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

एका थेंबाची किंमत

गेल्या हिवाळ्यात माझ्या जावेच्या दीड वर्षाच्या मुलाला सर्दी झाली. रात्री नाक चोंदले, बाळ रडू लागले. जाऊ थकलेली होती, म्हणून मी त्याला मांडीवर घेतले. 'निलगिरीने नाक मोकळे होते' हे लहानपणापासून ऐकलेले. मी नव्या डब्यातली निलगिरीची कुपी उघडली, बोटावर दोन थेंब घेतले आणि त्याच्या नाकाखाली आणि छातीवर चोळले. काही क्षणांतच बाळाचा श्वास अडकला. तोंड लालबुंद झाले, खोकल्याची उबळ थांबेना. छातीवर जिथे बोट फिरले होते तिथे चट्टा उठला. त्याला घेऊन आम्ही दवाखान्यात पळालो. अल्हम्दुलिल्लाह, तासाभरात तो सावरला. डॉक्टर रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "ताई, हे औषध नाही असे समजून वापरता, म्हणून तर जास्त वापरता."

त्यांनी समजावले ते असे. निलगिरी, कापूर आणि पुदिन्याच्या तेलातले मेन्थॉल यांचा तीव्र वास अगदी लहान मुलांच्या नाकाजवळ गेला तर श्वासनलिकेचा वरचा भाग आवळला जाऊ शकतो. कापूर किंवा निलगिरीचे तेल पोटात गेले तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि त्यासाठी फार मोठी मात्रा लागत नाही. घरी आल्यावर सासूबाई, म्हणजे मुलांच्या दादी, मला एक शब्दही लागेलसे बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आमच्याकडे रोशाचे तेल कधी नुसते लावले नाही कोणी. तिळाच्या तेलात घालूनच."

आपल्या खान्देशचे तेल

दादींचे माहेर धुळे जिल्ह्यातले पिंपळनेर. त्या भागात रोशाचे तेल हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. रोशा हे सातपुड्याच्या उतारांवर पावसाळ्यात वाढणारे सुगंधी गवत. इंग्रज काळातल्या गॅझेटियरमध्ये नंदुरबार आणि पिंपळनेर या गावांच्या वर्णनात या तेलाचा उल्लेख येतो आणि संधिवातावर ते गुणकारी मानले जाते असेही लिहिलेले आहे. आज अरोमाथेरपीच्या दुकानात 'पामारोझा' नावाने जी महागडी कुपी मिळते, ती याच गवताची.

पावसाळा संपता संपता गवताला फुलोरा येतो तेव्हा ते कापतात. मोठ्या भांड्यात पाणी आणि गवत घालून खाली जाळ करायचा, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि ते भांडे थंड पाण्यात ठेवायचे. वाफेचे पाणी होते आणि तेल वर तरंगते. म्हणून पूर्वी या भट्ट्या वाहत्या ओढ्याकाठी लागत. शंभर किलो ताज्या गवतातून तेल निघते ते जेमतेम अर्धा किलो. याच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. गुलाबासारखा वास मोतियाचा. कारण गुलाबाच्या सुगंधात असणारे जिरॅनिऑल हे द्रव्य त्यात भरपूर असते.

या सारखेपणाची एक गमतीची आणि थोडी बोचरी हकिकत आहे. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे जाई आणि पुढे अरबस्तानातून इस्तंबूलला पोहोचे. तिथे त्याला 'इद्रिस यागी' म्हणत. बल्गेरियातल्या बागांतून येणाऱ्या महागड्या गुलाबाच्या तेलात त्याची भेसळ केली जाई. एक किलो गुलाब तेलासाठी तीन-चार हजार किलो फुले लागतात. मग मोह होणारच. म्हणजे आपल्या डोंगरातले गवत तिकडे गुलाब म्हणून विकले जात होते. सुगंधाच्या धंद्यात भेसळ आजची नाही, हे ध्यानात ठेवावे.

नाव नवे, विद्या जुनी

'अरोमाथेरपी' हा शब्द फ्रेंच रसायनतज्ज्ञ गटेफोसे यांच्या १९३७ सालच्या पुस्तकामुळे रूढ झाला. पण फुलापानांचा अर्क वाफेने काढण्याची विद्या त्याहून कितीतरी जुनी. नवव्या शतकात बगदादचे विद्वान अल-किंदी यांनी अत्तरे आणि ऊर्ध्वपातन यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मोगल बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेय नूरजहाँची आई अस्मत बेगम यांना दिले आहे. कन्नौजमध्ये तांब्याच्या डेग-भपक्यावर आजही अत्तर निघते. गुलाब, केवडा, हिना तर आहेतच, पण पहिल्या पावसाच्या मातीचा वाससुद्धा तिथे चंदनाच्या तेलात उतरवतात.

आणि आपल्या घरात काय कमी आहे? मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातले ऊन अंगाची लाही करते तेव्हा माठात वाळ्याची जुडी टाकतो, कूलरला वाळ्याची ताटी लावतो. त्या वासानेच जीव थंडावतो. यालाही सुगंधोपचारच म्हणायचे.

काय होते, काय होत नाही

वास नाकातून थेट मेंदूच्या अशा भागाशी जोडलेला आहे जिथे आठवणी आणि भावना राहतात. म्हणून एखाद्या अत्तराने वडिलांची आठवण येऊन डोळे भरतात. म्हणूनच आवडता सुगंध मनाचा ताण हलका करतो, झोपेला मदत करतो, मळमळ थोडी कमी वाटते. कोमट तेलाने गुडघे चोळले तर चोळण्याचा, उबेचा आणि मायेच्या हाताचाही गुण येतो.

पण तेलाने झिजलेला सांधा भरून येत नाही, दमा बरा होत नाही, साखर उतरत नाही. ज्या कुपीवर असे दावे लिहिलेले असतील ती दुकानातच ठेवावी. दादींचे गुडघे आम्ही रोज रात्री चोळतो, पण त्यांच्या गोळ्या आणि व्यायाम बंद केलेले नाहीत. छातीत घरघर, सतत ताप, धाप, यांवर वास घेत बसणे म्हणजे मोलाचा वेळ घालवणे.

घरातले नियम

त्या रात्रीनंतर आमच्या घरात काही नियम झाले. भगिनींनो, तुम्हीही ते कपाटाच्या दारावर लिहून चिकटवा.

१. शुद्ध तेल कधीही नुसते लावू नये. ३० मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात ६ थेंब, फार तर १२ थेंब. चेहऱ्यासाठी ६ पुरेत.

२. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे मिश्रण लावून एक दिवस थांबावे. खाज, लाली आली तर ते तेल आपल्यासाठी नाही.

३. लहान मुलांच्या नाकाजवळ, चेहऱ्यावर, छातीवर निलगिरी, कापूर, पुदिना लावू नये. गरोदर बायका, दमा किंवा मिरगी असलेले यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

४. पोटात घेऊ नये. मुलाने चुकून प्यायले तर उलटी करवू नये. तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. कुपी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा किंवा १०८ वर फोन करावा.

५. लिंबूवर्गीय सालींची तेले लावून उन्हात जाऊ नये, कातडीवर काळे डाग पडतात.

६. ऊद, लोबान जाळताना खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत निखारे ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते.

७. कुप्या कुलपात. सुंदर रंगाची छोटी बाटली मुलांना सरबतच वाटते.

घेताना पाहावे

ईदच्या आठवड्यात मशिदीबाहेर अत्तरवाल्यांची तबके लागतात. तिथले स्वस्त 'गुलाब' बहुधा कृत्रिम सुगंधाचे असते. कपड्याला लावायला हरकत नाही, पण ते औषध म्हणून अंगाला चोळू नये. अंगाला लावायच्या तेलाच्या कुपीवर वनस्पतीचे पूर्ण नाव, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता असावा. कुपी गडद काचेची असावी. अल्कोहोल असलेल्या परफ्यूमबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत. ज्यांना शंका वाटते त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे किंवा सरळ अत्तर वापरावे. आणि उमरा-हजला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की इहराममध्ये सुगंध चालत नाही. सुगंधी साबण आणि तेलही पिशवीत वेगळे ठेवावे.

ज्या मुलाचा श्वास त्या रात्री माझ्या मांडीवर अडकला होता, तो आता अडीच वर्षांचा आहे. दर जुम्याला तो दादींपुढे जाऊन कान पुढे करतो. दादी फाया अत्तराला नुसता टेकवतात, आधी स्वतःच्या मनगटावर पुसतात आणि मग त्याच्या कुर्त्याच्या खिशात ठेवतात. कानात नाही. "मोठा झालास की कानात," असे त्या त्याला सांगतात. तो खिसा वर करून वास घेतो आणि अब्बांचे बोट धरून मशिदीकडे निघतो.